मिक्सर कोण चालवणार?

वाचनालयाचं सभागृह, सोसायटीचा हॉल, देवळाचा सभामंडप, शाळेचं बहुउद्देशीय दालन किंवा शंभर-दीडशे खुर्च्यांचं छोटं नाट्यगृह. अशा जागेसाठी ध्वनियंत्रणा घ्यायची ठरली, की कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो तो ‘किती चॅनेलचा मिक्सर घ्यायचा?’ हा. विक्रेता बाराचा दाखवतो, सभासदांपैकी कोणीतरी म्हणतं, घेतोच आहोत तर सोळाचा घेऊ, आणि देणगीदार सढळ हाताचा निघाला तर चोवीसचाही येतो. पुढे उद्‌घाटनाच्या दिवशी तो झळकतो आणि वर्षभरात त्यावरची तीन बटणं तेवढी झिजलेली दिसतात. लहान जागेपुरतं बोलायचं तर चॅनेलच्या आकड्यापासून सुरुवात करणं हेच मुळात चुकतं, असं माझं मत आहे. आधी विचारायला हवं, की कार्यक्रम चालू असताना या यंत्रापाशी कोण बसणार आहे? बहुतेक संस्थांमध्ये त्याचं प्रामाणिक उत्तर ‘कोणीच नाही’ असं असतं. शिपाई खुर्च्या मांडतो, माइक चालू करतो आणि चहाचं बघायला जातो. माइकने शिट्टी मारली की धावत येतो आणि हाताला लागेल तो खटका खाली ओढतो. मिक्सर निवडायचा तो या माणसासाठी. निवडला मात्र जातो तो नसलेल्या साउंड इंजिनिअरसाठी.

शिट्टी का वाजते, हे समजून घेतलं तर ही निवड पुष्कळ सोपी होते. स्पीकरमधून आलेला आवाज माइकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. या फेऱ्यात एखादा स्वर आवरेनासा झाला, की शिट्टी सुरू. आता हॉलमध्ये जितके माइक उघडे, तितकी आवाजाला परत शिरायची दारं जास्त. ध्वनितंत्राचा साधा हिशेब असा, की उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. एकाचे दोन झाले की ३, चार झाले की ६, आठ झाले की ९. आपल्याकडचा नेहमीचा व्याख्यानाचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. पोडियमवर एक माइक, टेबलावर अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे यांच्यासमोर एकेक, निवेदिकेच्या हातात एक, आणि ईशस्तवनासाठी लावलेला एक तसाच राहून गेलेला. पाच माइक दीड तास उघडे असतात आणि बोलत एकच माणूस असतो. वक्त्यासाठी यंत्रणेत जी ताकद होती, त्यातली सुमारे ७ डेसिबल बाकीच्या चार माइकांनी काहीही न करता खाल्ली. याउलट तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर एका फुटावरून सहा इंचांवर आणलं, तर ६ डेसिबल फुकट मिळतात. म्हणजे नको ते माइक बंद करणं आणि वक्त्याला पुढे सरकवणं या दोन बिनखर्ची गोष्टी जेवढं देतात, तेवढं सोळाऐवजी चोवीस चॅनेल घेऊन मिळत नाही. उलट जास्त चॅनेल म्हणजे जास्त माइक लावायचा मोह, आणि लावले की ते उघडे राहणारच.

खोक्यावरच्या आकड्याचीही एक गंमत आहे. तो आकडा माइकांचा नसतोच. यामाहाच्या एमजी १० मध्ये दहा इनपुट असले, तरी माइक लागतात चार. त्याच मालिकेतल्या १२ च्या मॉडेलात सहा आणि १६ च्या मॉडेलात दहा. बेरिंजरच्या झेनिक्स ८०२ ला माइक लागतात फक्त दोन, मॅकीच्या १४०२ ला सहा. बाकीचा आकडा कीबोर्ड, लॅपटॉप यांसारख्या उपकरणांच्या स्टिरिओ जोड्यांनी भरलेला असतो. यात लबाडी काही नाही, सगळा तपशील माहितीपत्रकात छापलेला असतो. पण कोटेशनच्या तक्त्यात ‘१२ चॅनेल’ एवढंच येतं आणि समिती त्यावर तुलना करते. बारा माइक लागतील असं समजून घेतलेल्या मिक्सरला सहाच जागा आहेत, हे पहिल्या भजनाच्या कार्यक्रमाला कळतं. म्हणून आपल्याला एका वेळी जास्तीत जास्त किती माइक खरोखर लागतात ते मोजावं, त्यात दोनाची भर घालावी आणि तेवढ्या एक्सएलआर जागा असलेला मिक्सर मागावा. व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं, सत्कार आणि अधूनमधून सुगम संगीत एवढ्यासाठी हा आकडा क्वचितच आठाच्या पुढे जातो.

एकदा आकड्याचं भूत उतरलं, की मग पाहायच्या गोष्टी वेगळ्या होतात. पहिली म्हणजे प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र, ठळक, दिवा असलेलं म्यूटचं बटण. अनेक लहान मॉडेलांत ते नसतंच. मग माइक बंद करायचा तर आवाजाचा खटका शून्यावर न्यावा लागतो आणि पुन्हा उघडताना आधी कुठे होता ते आठवत बसावं लागतं. दुसरी गोष्ट, गोल खटक्यांऐवजी सरकते फेडर. लांबून एका नजरेत कोणता माइक किती उघडा आहे ते दिसतं आणि चिकटपट्टीचा तुकडा लावून ‘इथवरच’ अशी खूण करता येते. जागा वाचवण्यासाठी अगदी छोट्या मिक्सरांत फेडर काढून टाकलेले असतात. ही बचत शिपायाला महागात पडते. तिसरी गोष्ट प्रत्येक माइक चॅनेलवर लो-कट. माणसाच्या बोलण्यात ८० ते १०० हर्ट्‌झच्या खाली कामाचं फारसं काही नसतं. तिथे असतो तो टेबलावर आपटलेला हात, मंचाच्या लाकडी फळ्यांचा धमधमाट आणि माइकवर थेट येणारी पंख्याची हवा. एक बटण दाबलं की हा गाळ जातो. चौथी गोष्ट, मधला सूर नुसता कमी-जास्त न करता तो नेमका कुठे करायचा तेही ठरवता येणारा ईक्यू. आपल्या बोलण्यातली स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, पण शब्द कळतो तो व्यंजनांमुळे, आणि स, श, च, त यांची ओळख पटवणारा भाग साधारण २ हजार हर्ट्‌झच्या वर असतो. आवाज मोठा आहे पण शब्द कळत नाहीत, ही मागच्या रांगेतली तक्रार बहुतेक वेळा आवाज वाढवून सुटत नाही. खालचा घुमार उतरवला की ती कमी होते.

आणि एक ऑक्स सेंड, म्हणजे हव्या त्या माइकांचा आवाज वेगळा बाहेर पाठवायची वाट; शक्यतो दोन, तेही फेडरच्या आधीचे. पूर्वी हे गायकाच्या मॉनिटरपुरतं लागायचं. आता कोणत्याही बऱ्या वाचनालयाचं व्याख्यान यूट्यूबवर जातं, आणि न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसलेला मराठी लेखक पडद्यावरून बोलतो. त्या पाहुण्याकडे हॉलमधला सगळा आवाज पाठवायचा, पण त्याचा स्वतःचा सोडून. नाहीतर त्याला स्वतःचंच बोलणं क्षणभराने परत ऐकू येतं आणि तो अडखळायला लागतो. स्वतंत्र ऑक्स असला तर ही तजवीज पाच मिनिटांची, नसला तर अशक्य. लॅपटॉप जोडल्यावर येणारी घूंऽऽ ही घरघर मात्र मिक्सर बदलून जात नाही. लॅपटॉपचा चार्जर आणि ध्वनियंत्रणा वेगवेगळ्या सॉकेटवर, वेगवेगळ्या अर्थिंगवर असली की ती येते. दोन्ही एकाच ठिकाणाहून वीज घेणं आणि लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स नावाची छोटी पेटी टाकणं हा तिच्यावरचा इलाज. ब्लूटूथची सोय असलेले मिक्सर हल्ली पुष्कळ आहेत. जोडलेल्या फोनवर शोकसभेत कॉल आला तर काय होईल, याचा विचार करून ती सोय वापरावी.

मिक्सरकडून नको त्या अपेक्षा ठेवणंही थांबवायला हवं. हॉल घुमतो, म्हणून भारी मिक्सर घेऊ, हे मी अनेकदा वाचलं-ऐकलेलं समर्थन साफ चुकीचं आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह इतकं घुमायचं, की वक्त्याचं बोलणं समजत नसे. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर ते सुधारायची कामगिरी आली. त्याने दुसऱ्या एका नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून पसरल्या, घुमार किती वेळ टिकतो ते मोजलं आणि त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे. त्या सूत्रात आपला एखादा हॉल घालून पाहा. १५ मीटर लांब, १० रुंद, ५ उंच, भिंतींना गुळगुळीत प्लास्टर, खाली फरशी. रिकामा असताना कागदावर घुमार सात सेकंदांच्या पुढे जातो. दारं, खिडक्या, पडदे धरले तर प्रत्यक्षात कमी, पण ऐकवणार नाही इतका असतोच. त्याच हॉलमध्ये दीडशे माणसं बसली, की तो दीड सेकंदाच्या आत येतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये ‘हॅलो हॅलो’ करून लावलेला ईक्यू संध्याकाळी भलताच वाटतो तो यामुळे. भिंतीत विरत न जाणारा आवाज कोणत्याही खटक्याने विरत नाही. मिक्सरवर खर्च करायच्या रकमेतून मागच्या भिंतीवर जाड पडदे लावले आणि स्पीकर श्रोत्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे न रोखता खाली श्रोत्यांकडे झुकवले, तर फरक पहिल्याच कार्यक्रमात कळतो. इकोचं बटण तर अशा हॉलमध्ये चिकटपट्टीने बंदच करून टाकावं. आपल्याकडे ते कमालीचं लोकप्रिय आहे, हे माहीत असूनही म्हणतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो दूरदृष्टीचा: आज सहा माइक लागतात, उद्या ऑर्केस्ट्रा आणला तर? तर त्या दिवसापुरता मोठा मिक्सर माणसासकट भाड्याने आणावा. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी वर्षभराचा कारभार अवघड करून ठेवणं यात दूरदृष्टी नाही. शिवाय बाहेरून येणारी नाटकमंडळी आणि वाद्यवृंद बहुतेक वेळा स्वतःचा मिक्सर आणि स्वतःचा साउंडवाला घेऊनच येतात. त्यांना हॉलकडून हवं असतं ते एवढंच, की त्यांच्या मिक्सरमधून निघालेल्या दोन तारा हॉलच्या स्पीकरला सहज जोडता याव्यात. त्यासाठी भिंतीवर दोन नीट लेबल लावलेले एक्सएलआर पॉइंट ठेवले, तर पाहुणे साउंडवाले दुवा देतात. मोठा मिक्सर म्हणजे मोठा आवाज हाही समज याच आक्षेपाच्या पोटात दडलेला असतो. आवाज ठरतो अॅम्प्लिफायर आणि स्पीकरवर, मिक्सरच्या लांबीवर नाही. आणि त्यालाही कायद्याची मर्यादा आहे: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या परिसराच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. निवासी भागात दिवसाची पातळी ५५ आहे, म्हणजे तिन्ही बाजूंनी उघड्या सभामंडपाला मर्यादा ६५ चीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो डिजिटलवाल्यांचा आहे. आज त्याच किमतीच्या आसपास असा डिजिटल मिक्सर मिळतो ज्याला समोर फेडर नाहीत, पेटी कपाटात बसते आणि सगळं टॅब्लेटवरून चालतं. बेरिंजरचा एक्सआर १८ घ्या: सोळा माइक, प्रत्येक चॅनेलला पूर्ण ईक्यू, कंप्रेसर, शिवाय सगळ्या जुळण्या साठवून ठेवून पुन्हा एका स्पर्शात आणायची सोय. साउंडक्राफ्टची यूआय मालिका तर अॅपशिवाय साध्या ब्राउझरमधून चालते. एवढं सगळं समोर असताना जुन्या धाटणीच्या मिक्सरचा आग्रह म्हणजे हट्ट नाही का? जिथे एखादा तरुण कार्यकर्ता दर कार्यक्रमाला हजर असतो आणि त्याला या विषयाची आवड आहे, तिथे मी बेधडक डिजिटल घ्यायला सांगेन. तो हॉलच्या मधल्या रांगेत बसून, श्रोत्यांना ऐकू येतं तेच ऐकत जुळणी करू शकतो, हा फायदा लहान नाही. पण तो कार्यकर्ता नोकरीसाठी पुण्याला गेला, की कपाटातली पेटी मुकी होते. पासवर्ड त्याच्याकडे, टॅब्लेट सचिवांच्या घरी, आणि चार्जिंग संपलेलं. शिवाय अशा मिक्सरांमध्ये अंगभूत असलेलं वायफाय हे नाजूक प्रकरण असतं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच असतात, आणि दीडशे श्रोत्यांचे दीडशे फोन, शेजारच्या घरांचे राउटर सगळे तिथेच गर्दी करतात. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये झकास चालणारा टॅब्लेट संध्याकाळी भर कार्यक्रमात तुटतो तो त्यामुळे. म्हणून अनुभवी साउंडवाले वेगळा राउटर आणि शक्यतो तारेने जोडलेला एक संगणक ठेवतात. ही सगळी व्यवस्था सांभाळणारं कोणी आहे का, हा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

आणि तरीही, कोणीच नसलेल्या हॉलसाठी सर्वात उपयोगाची चीज डिजिटलमध्येच आहे, हे मान्य केलं पाहिजे. तिचं नाव ऑटोमिक्स. १९७० च्या दशकात डॅन ड्युगन या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाने ही पद्धत काढली. पाच माइक उघडे असले तरी जो बोलतोय त्याचा माइक आपोआप पुढे येतो, बाकीचे मागे सरकतात आणि सगळ्यांची मिळून ताकद एका उघड्या माइकाएवढीच राहते. वर मांडलेला ७ डेसिबलचा तोटा ही पद्धत माणसाशिवाय भरून काढते. पूर्वी हे फक्त महागड्या यंत्रांत असे, आता काही छोट्या डिजिटल मिक्सरांतही येतं. परिसंवाद, ग्रामसभा, वार्षिक सर्वसाधारण सभा यांना याहून चांगलं काही नाही. अट एकच: ते जाणकाराने एकदा बसवून कुलूपबंद करावं आणि शिपायाच्या हाती फक्त चालू-बंदचं बटण व एक आवाजाचा खटका द्यावा. गाण्याला मात्र ऑटोमिक्स चालत नाही. तंबोरा अखंड वाजत असतो, तबला मध्येच उसळतो, आणि यंत्र त्यांच्यात वक्ता शोधत बसतं. तेव्हा सभाच सभा होणाऱ्या हॉलला कुलूपबंद डिजिटल, मिश्र कार्यक्रमांच्या हॉलला फेडरवाला साधा मिक्सर, अशी माझी शिफारस आहे. जो घेतला जातो तो बहुधा तिसराच प्रकार असतो: भरपूर खटके, शंभर इफेक्ट आणि बसणारं कोणी नाही.

संगीताच्या बाबतीत तिसरा आक्षेप रसिकांचा असतो, की बैठकीला मुळात माइक हवेतच कशाला? मुद्दा रास्त आहे. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० मध्ये उघडलं ते हजारभर श्रोत्यांना माइकशिवाय गाणं ऐकू यावं अशा रचनेचं. सिरिल हॅरिस या तज्ज्ञाने त्याची ध्वनिरचना केली. पण आपले हॉल तसे बांधलेले नाहीत. वर सहा पंखे फिरतात, खिडकीबाहेर रस्ता असतो. तरी साठ-सत्तर माणसांच्या बैठकीत गायकाला एक, हार्मोनियमला एक, तबल्याला एक किंवा दोन माइक पुरतात, आणि तेही आधाराला. फक्त तबल्याच्या डग्ग्यासाठी लो-कट बंद करायला विसरू नये; नाहीतर घुमारा गळून नुसती टिकटिक उरते. कीर्तनात हिशेब उलटा. टाळांना माइकची गरज कधीच नसते, तरी ते बुवांच्या माइकमध्ये शिरतात, आणि मग साउंडवाला टाळांवर मात करायला बुवांचा आवाज चढवतो व दोन्ही चढतात. तिथे उपाय म्हणजे बुवांना डोक्याला लावायचा माइक देणं, ज्याचं तोंडापासूनचं अंतर ते नाचले तरी बदलत नाही. आणि ज्या संस्थेत दोन माइकांपलीकडे कधी काही होतच नाही, तिने मिक्सर घेऊच नये. माइक थेट लागणारा साधा मिक्सर-अॅम्प्लिफायर, ज्याला आपल्याकडे कंपनी कुठलीही असली तरी ‘अहुजा’ म्हणतात, तेवढ्या कामाला पुरेसा आहे.

पैशांची वाटणी त्यामुळे बदलायला हवी. मिक्सरवरचे वाचलेले पैसे आधी माइकांवर, मग तारांवर, मग स्टँडवर जावेत. श्युअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात असलेला माइक आजही मंचावर दिसतो, यावरून चांगला माइक किती काळ पुरतो याचा अंदाज यावा. बिघाडांचा मोठा वाटा तारांच्या टोकांशी असतो, मिक्सरच्या पोटात कमी. आणि काही रक्कम शिपायाच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, तो वक्ता बोलताना लाल दिवा जेमतेम लागणार नाही इतका एकदाच लावायचा आणि नंतर फक्त फेडर हलवायचा, एवढं समजायला अर्धा दिवस पुरतो. एका पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ते मिक्सरच्या झाकणाला चिकटवलं, तर सचिव बदलले तरी ते टिकतं. कोटेशन मागवतानाही किमतीच्या रकान्याशेजारी एक अट घालावी: विक्रेत्याने यंत्र हॉलमध्ये आणून जोडावं, समितीने मागच्या रांगेत बसावं, आणि यंत्र चालवून दाखवावं ते रोज चालवणाऱ्या माणसानेच. पाच माइक उघडे असताना त्याला तिसरा बंद करायला सांगावं. तो शोधत बसला, तर ते यंत्र विक्रेत्याने परत न्यावं.